अधिसभेतल्या दहा खुर्च्या

(दृश्य: गणेशखिंड. झाडीआडून वर आलेला मुख्य इमारतीचा मनोरा.)

इंग्रजी अमलात मुंबईचे गव्हर्नर पावसाळ्यात इथे मुक्कामाला येत. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ सुरू झालं आणि त्यांच्या दालनांत कुलगुरूंचा कारभार आला. राज्यपालांचा संबंध मात्र सुटला नाही. आजही तेच पदसिद्ध कुलपती. शोध समितीने सुचवलेल्या नावांतून कुलगुरू नेमतात तेच.

२०२१ मध्ये विधिमंडळाने यात बदल करणारं विधेयक मंजूर केलं: उच्च शिक्षणमंत्री प्र-कुलपती होणार, सरकार दोन नावं देणार, त्यांतलं एक कुलपतींनी निवडायचं. पुढे सरकार बदललं, विधेयक मागे गेलं. या ओढाताणीची बातमी होते. अधिसभेची, म्हणजे विद्यापीठाच्या सिनेटची, क्वचितच.

(दृश्य: अधिसभेचं सभागृह.)

२०१६ च्या विद्यापीठ कायद्यानुसार अर्थसंकल्प, वार्षिक अहवाल आणि लेखापरीक्षणाचा अहवाल अधिसभेपुढे ठेवावाच लागतो. भाषणं अर्थसंकल्पावर रंगतात. खरं वाचण्यासारखे असतात ते लेखापरीक्षकांचे आक्षेप.

प्राचार्य, प्राध्यापक, संस्थाचालक इथे असतातच. शिवाय दहा जागा नोंदणीकृत पदवीधरांच्या: पाच खुल्या, पाच राखीव. मतदार पुणे, अहिल्यानगर, नाशिकचे. पण पदवी मिळाली म्हणून मत मिळत नाही, अर्ज भरून नाव नोंदवावं लागतं. नोंदणीच्या दिवसांत वर्गमित्राआधी कार्यकर्ताच फॉर्म घेऊन दारात येतो, हा पुणेकरांचा अनुभव!

(दृश्य: मतमोजणीची टेबलं, मतपत्रिकांचे गठ्ठे.)

मतपत्रिकेवर शिक्का मारायचा नाही, पसंतीचे आकडे लिहायचे. खुल्या पाच जागांसाठी वैध मतांना सहाने भागायचं आणि एक मिळवायचा, हा झाला कोटा. कोटा गाठणारा निवडून येतो, त्याची जादा मतं पुढच्या पसंतीकडे जातात. कुणीच पोहोचत नसेल तर तळाचा उमेदवार बाद, आणि त्याच्या मतपत्रिका पुन्हा वाटायच्या. फेऱ्यांमागून फेऱ्या. म्हणून तर प्रचारात विनवणी असते, “पहिली नाही, तर दुसरी तरी द्या.”

(दृश्य: बंद दार, बाहेर शिपाई.)

अधिसभा प्रश्न विचारते. निर्णय होतात व्यवस्थापन परिषदेत. अध्यक्ष कुलगुरू, सचिव कुलसचिव. अधिसभेतले पदवीधर प्रतिनिधी तिथे पोहोचतात ते फक्त दोन, आणि त्यांना निवडते पूर्ण अधिसभा. त्यामुळे पदवीधरांच्या निकालाचा गुलाल उतरायच्या आत संस्थाचालक आणि प्राचार्यांच्या मतांची जुळवाजुळव सुरू झालेली असते.