संग्रहाच्या पलीकडे : राबेआरिवेलो आणि मालागासी शब्दकला

मादागास्कर आफ्रिकेच्या किनाऱ्यासमोर असले, तरी तिथली मालागासी ही भाषा ऑस्ट्रोनेशियन कुळातली आहे. बोर्निओतली मान्यान ही तिची जवळची बहीण असल्याचे नॉर्वेचे भाषाभ्यासक ओटो क्रिस्तियान डाल यांनी १९५१ साली सविस्तर मांडले. या भाषेच्या आधारे आज कथा, रंगमंच किंवा ध्वनिफीत यांचा नवा प्रकल्प उभारणाऱ्या कथनकाराला पहिला मोह होतो तो संग्रहाचा. म्हणी गोळा कराव्यात, आजीच्या तोंडची कहाणी टिपून घ्यावी, की वारसा राखला गेला, असे त्याला वाटते. मला ते अपुरे वाटते, कारण मालागासी शब्दकलेला समोर कोणीतरी उत्तर देणारा लागतो आणि वहीत उतरवलेल्या ओळीला तो मिळत नाही.

मध्य पठारावरच्या मेरिना लोकांची ‘हाइनतेनी’ ही काव्यपरंपराच पाहा. तिच्यात बहुधा स्त्री आणि पुरुष असे दोन आवाज असतात; एक मागणी घालतो, दुसरा टाळतो, चिडवतो, कधी नमतो, आणि या देवाणघेवाणीत म्हणींचे वजन ज्याच्या बाजूला अधिक पडेल तो वरचढ ठरतो. आपल्याकडच्या कलगी-तुऱ्याची आठवण येणे साहजिक आहे. मात्र तिथे कूटप्रश्नाला जे स्थान, ते इथे म्हणीला आहे. फ्रेंच लेखक जाँ पोलाँ १९०८ ते १९१० या काळात मादागास्करची राजधानी अंतानानारिवोत शिक्षक होते आणि १९१३ साली त्यांनी हाइनतेनींचा संग्रह भाषांतरासह प्रसिद्ध केला. मला त्या संग्रहाइतकेच महत्त्वाचे वाटते ते त्यांचे १९२५ मधले लेखन, ज्यात म्हण अचूक पाठ असूनही ती आपल्या तोंडून लागू पडत नाही, या अनुभवाचा त्यांनी फार प्रामाणिकपणे शोध घेतला आहे. संग्राहकाचीच ही साक्ष असल्यामुळे तिला किंमत आहे.

या पेचातून वाट काढली ती जाँ-जोझेफ राबेआरिवेलो या कवीने. तेराव्या वर्षाच्या आसपास त्याची शाळा सुटली, १९२४ पासून त्याने अंतानानारिवोतल्या एका छापखान्यात मुद्रितशोधकाची नोकरी केली, आणि उरलेल्या वेळात वाचून-लिहून तो मालागासी आणि फ्रेंच अशा दोन्ही भाषांत पारंगत झाला. १९३१ साली त्याने न्यी आवाना रामानान्तुआनिना आणि शार्ल राजोएलिसोलो यांच्यासह ‘हरवलेल्याचा शोध’ अशा अर्थाच्या नावाची साहित्यिक चळवळ सुरू केली. हे नाव ऐकून पुनरुज्जीवनाची कल्पना डोळ्यांसमोर येते. राबेआरिवेलोचे स्वतःचे काम मात्र वेगळ्या दिशेने गेले. १९३४ आणि १९३५ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या दोन प्रमुख फ्रेंच काव्यसंग्रहांवर, या कविता मूळ मालागासीतून कवीनेच फ्रेंचमध्ये आणल्या आहेत, अशी नोंद होती. पुढे हस्तलिखितांचा अभ्यास झाला तेव्हा दिसले की दोन्ही भाषांतले पाठ पानावर शेजारी-शेजारी, एकमेकांकडे पाहत वाढले होते आणि त्यामुळे मूळ कोणते व भाषांतर कोणते, हा प्रश्नच सैल पडतो. हाइनतेनीत दोन माणसांमध्ये जो सामना होतो, तो त्याने एका कागदावर दोन भाषांमध्ये घडवून आणला, असे मी म्हणेन. विषयांत त्याने जुने फारसे उचलले नाही. प्रश्नोत्तराची चाल तेवढी उचलली.

त्याच्या आयुष्याचा शेवट सर्वांना ठाऊक असतो आणि त्यावरच फार बोलले जाते. १९३७ च्या पॅरिसमधल्या जागतिक प्रदर्शनाला जाण्याची त्याची आशा मादागास्करमधल्या फ्रेंच वसाहती प्रशासनाने मावळवली, आणि त्याच वर्षी २२ जूनला त्याने सायनाइड घेऊन जीवन संपवले. या शोकांतिकेने त्याच्या कारागिरीला झाकोळून टाकले आहे, ही माझी तक्रार आहे.

छापील पानाबाहेर हा सामना अजून चालूच आहे. लग्नाच्या बोलणीत दोन्ही घरांचे वक्ते ‘काबारी’ ही औपचारिक वक्तृत्वशैली वापरतात. वयाने मोठी माणसे बसलेली असताना आपण बोलतो आहोत याबद्दल आधी दोषमुक्ती मागायची आणि मग म्हणींच्या आधाराने मुद्दा रेटायचा, असा तिचा रिवाज आहे. ‘हिरा गासी’ या लोकनाट्यात दोन संच एकमेकांसमोर उतरतात, भाषण, गाणे आणि नाच सादर करतात, आणि कोण सरस हे प्रेक्षक ठरवतात. युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत काबारी २०२१ साली आणि हिरा गासी २०२३ साली आली. नोंद झाली हे चांगलेच, पण नव्या कथनकाराने उचलायचा तो तिथला निवाडा करणारा प्रेक्षक. ध्वनिमालिका करायची असेल तर तिच्यात दुसऱ्या आवाजाला अडवण्याची मुभा हवी. द्विभाषिक बालपुस्तक काढायचे असेल तर मालागासी मजकूर फ्रेंचच्या खाली बारीक टायपात छापून चालणार नाही.

एक अडचण मात्र राबेआरिवेलोच्या वाटेनेही सुटत नाही. त्याची भाषा राजधानीची, मेरिना वळणाची होती. १८२३ साली राजा रादामा पहिला याच्या दरबारात लंडन मिशनच्या पाद्र्यांच्या मदतीने जी रोमन लिपी ठरली आणि पुढे जिच्यात बायबल छापले गेले, तीही याच बोलीवर बेतलेली होती. आजची प्रमाण मालागासी त्यातूनच आली. पश्चिम किनाऱ्यावरचे साकालावा किंवा पूर्वेचे बेत्सिमिसाराका कथनकार आपल्या बोलीत उभे राहतात, तेव्हा त्यांना फ्रेंचला तर उत्तर द्यावे लागतेच, शिवाय या पठारी प्रमाणभाषेलाही द्यावे लागते, आणि तिथे दोन रकान्यांचे पान पुरत नाही.