आधी चीर, मग गोळी

(दृश्य : मार्केट यार्ड, पहाट. ओली गोणपाटं, पाठीवर पोती.)

पावसाळ्यात हमालांच्या मानेवर, खांद्यावर केसतोड उठतात. घाम, गोणपाटाचं घासणं, आणि कातडीवर मुक्कामालाच असलेला स्टॅफिलोकोकस हा जंतू. एवढं पुरतं.

(दृश्य : दवाखाना. बाकावर गर्दी.)

"डॉक्टर, जरा हेवी द्या." जोरदार अँटिबायोटिकची ही फर्माईश पुण्यातल्या कुठल्याच दवाखान्याला नवी नाही. आणि चिठ्ठी लिहायला अर्धा मिनिट लागतो, गळू फोडायला पंधरा.

(दृश्य : टेबलावर उघडी मार्गदर्शिका. पान उलटणारा हात.)

आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, उपचार-मार्गदर्शिकेची दुसरी आवृत्ती २०१९ची. त्वचेच्या संसर्गाला तिच्यात वेगळं प्रकरण आहे. अमेरिकेतल्या संसर्गरोगतज्ज्ञांनी २०१४ मध्ये तर सरळ दोन वाटा केल्या : पू आहे की नाही? पू असेल तर आधी चीर. गळू साधं, ताप नाही, तर तेवढ्यावर भागतं. पू नसेल, नुसती लाल, गरम, पसरती सूज असेल, तर सेफॅलेक्सिनसारखं जुनं अँटिबायोटिक, उतार पडत असेल तर पाच दिवस.

पुढे २०१६ मध्ये तिथल्याच एका चाचणीत चीर दिल्यावर कोट्रायमोक्साझोल हे अँटिबायोटिक घेणारे ८०.५ टक्के बरे झाले, नुसती चीर दिलेले ७३.६. फरक आहे, नाही असं नाही. पण नुसत्या चिरेवरही चारातले जवळपास तीन बरे झाले, हे कोणी मोठ्यानं सांगत नाही.

(दृश्य : सदाशिव पेठ, औषधांची दुकानं. काउंटरवर पट्ट्या.)

सेफिक्सिम हे अँटिबायोटिक सर्रास खपतं. स्टॅफवर त्याचा फारसा जोर चालत नाही. नको तिथे घेतलेल्या गोळ्यांनी जंतू निर्ढावतात, जुलाब होतात ते वेगळेच.

(दृश्य : प्रयोगशाळा. अगदी जवळून.)

हा पू. कापसाच्या बोळ्यानं काचेच्या थाळीवर. दुसऱ्या दिवशी सोनेरी ठिपके, म्हणजे वाढलेले जंतू. त्यातले उचलून नव्या, फिकट पिवळ्या थाळीवर सारवायचे, वर औषधाच्या कागदी चकत्या ठेवायच्या. रात्रभर उबेत. औषध लागू पडत असेल, तर सकाळी चकतीभोवती जंतू नसलेला स्वच्छ गोल पडलेला असतो, तो पट्टीनं मोजायचा. सेफॉक्सिटिनच्या चकतीभोवती २२ मिलिमीटर किंवा जास्त भरला, तर हा स्टॅफ अजून साध्या औषधांना बधणारा.

(दृश्य : पट्टी, गोल. मग पुन्हा मार्केट यार्ड, मानेवर पांढरी पट्टी.)

हा अहवाल हातात पडतो तिसऱ्या दिवशी. चीर वेळेवर दिलेली असेल, तर तोवर गळू अर्धं बसलेलं असतं.