बाँडची रक्कम वेगळी, हक्काचे कागद वेगळे

श्रोतेहो, नमस्कार.

साताऱ्याच्या किंवा कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत नुकतीच पदविका घेतलेला मुलगा नोकरीला लागतो, तेव्हा अनेक ठिकाणी त्याच्याकडून स्टॅम्पपेपरवर दोन-तीन वर्षांचा बाँड लिहून घेतला जातो आणि काही ठिकाणी मूळ गुणपत्रिकाही ठेवून घेतल्या जातात. मुदतीआधी त्याने नोकरी सोडली, की ‘आधी पैसे भरा, मग दाखला न्या’ असे सांगितले जाते. हा अन्याय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

बाँडला काही किंमतच नसते, या ऐकीव गोष्टीवर मात्र विसंबू नये. एका बँक अधिकाऱ्याने तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरावेत, ही अट सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये वैध ठरवली. तरीही १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे वाजवी तेवढीच भरपाई मिळते. करारात लिहिलेला आकडा ही तिची कमाल मर्यादा असते. त्या रकमेसाठी मालकाला दिवाणी न्यायालयाचा मार्ग मोकळा आहे. गुणपत्रिका अडवून ठेवणे ही वसुलीची रीत नव्हे.

म्हणून कागदांची मागणी स्वतंत्र अर्जाने करावी. राजीनाम्याची तारीख आणि कामाचा शेवटचा दिवस लिहून कार्यमुक्तीचे पत्र, अनुभवाचा दाखला, पगारपत्रके, कर कापला असेल तर त्या कर-कपातीचे प्रमाणपत्र (फॉर्म १६) आणि मूळ गुणपत्रिका अशी नावानिशी मागणी करावी. बाँडची रक्कम मान्य असल्याचे त्यात एका शब्दानेही येऊ देऊ नये. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक विभागाचा शिक्का, तारीख आणि सही घ्यावी. शिक्का नाकारला, तर तोच अर्ज ईमेलने आणि स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपून ठेवावी.

भविष्यनिर्वाह निधीसाठी तर कंपनीवर अवलंबून राहण्याचेही फारसे कारण नाही. शेवटची वर्गणी जमा होऊन दोन महिने झाले, की नोकरी सोडल्याची तारीख निधीच्या यूएएन (सदस्याचा कायमचा खाते क्रमांक) पोर्टलवर आधारच्या ओटीपीने सदस्याला स्वतः नोंदवता येते. शिवाय दाखला हाती येईपर्यंत निधीचे पासबुक आणि पगार जमा झालेल्या बँक खात्याचा उतारा हे नोकरीचे पुरावे म्हणून दाखवता येतात.

एवढे करूनही दाद मिळाली नाही, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न पाहता तेथे मोफत वकील मिळू शकतो. जाताना शिक्क्याची ती प्रत आणि बाँडची नक्कल सोबत न्यावी.