म्हैस काळीच आली पाहिजे

मंडळी, फिल्म कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा हे आपण हातानं ठरवायचं की कॅमेऱ्यावर सोडायचं, म्हणजे मॅन्युअल बरं की ऑटोमॅटिक, हा वाद कोल्हापुरात रंगणारच. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ उभारणारं हे गाव आहे. बाबूराव पेंटरांनी दामल्यांना हाताशी घेऊन इथंच कॅमेरा तयार केला आणि 1920 साली 'सैरंध्री' हा मूकपट पडद्यावर आणला. तेव्हा हँडल हातानं फिरवायचं. त्या काळच्या बहुतेक कॅमेऱ्यांत एका फेऱ्याला आठ चौकटी, सेकंदाला साधारण दोन फेरे. हात जोरात फिरला की पडद्यावरची माणसं संथ व्हायची, हळू फिरला की पळत सुटायची. उजेड किती, तो डोळ्यांनीच जोखायचा. मला त्या माणसांबद्दल फार आदर वाटतो.

आता मुद्दा मीटरचा. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर समोरचं सगळं जग करडं धरून चालतो, सुमारे 18 टक्के उजेड परत फेकणारं. पांढरं धोतर असो की काळी म्हैस, तो दोघांना करड्यावर आणतो. हे तुम्हाला ठाऊक आहे, तरी म्हशीची गोष्ट सांगतोच.

दिवाळीच्या पाडव्याला आपल्याकडं गवळी म्हशी सजवून बाहेर काढतात. शिंगं रंगवलेली, गळ्यात घुंगरं, अंग तेल लावून तुकतुकीत. अशीच एक म्हैस मी सावलीत उभी करून घेतली. फिल्म रंगीत, 400 एएसएची (एएसए म्हणजे फिल्म उजेडाला किती चटकन जागी होते त्याचा आकडा), आणि अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, एफ 8. चौकटीत नुसती म्हैसच म्हैस, त्यामुळं मीटर 1/60 सेकंदाचं शटर मागत होता. मी 1/250 ठेवलं, दोन स्टॉप कमी; दर स्टॉपला उजेड निम्मा होतो. निगेटिव्हवर काळं-पांढरं उलटं उमटतं; ती खिडकीशी धरली तर म्हशीचं अंग जवळजवळ पारदर्शक, आणि तेल लावलेल्या पाठीवर उजेडाची रेघ ठळक. हवं तेच मिळालं होतं.

लॅबमधून प्रिंट आल्या त्या करड्या! तिथल्या मशीनलाही सगळं जग करडंच हवं असतं ना. विचारलं तर पोरगा म्हणतो, "मशीननं बरोबर केलंय." अहो, त्याच्या हाताशी डेन्सिटीची, म्हणजे प्रिंट गडद-फिकी करायची, बटणं होती, दोनदा दाबायचा अवकाश. पण नाही. मी प्रिंट तशीच गवळ्याला दाखवली. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "ही आमची न्हवंच. आमची म्हस अशी राखुंडीवानी दिसती व्हय?"

हसा, पण तो बरोबर बोलला. म्हैस ओळखणाऱ्यानं चूक पकडली; दोन्ही यंत्रांना ती दिसलीच नव्हती. पुन्हा प्रिंट काढायला गेलो तर लॅबनं दुसऱ्यांदा पैसे मागितले. त्याचा राग माझ्या मनात अजून आहे. आपलं काम यंत्रानं बदललं, तर ते परत मिळवायचे पैसे आपण का द्यायचे?

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली. बरं, भराभर सांगतो.

ऑटोमॅटिकशी माझं भांडण नाही. कॅननचा एई-1 1976 चा: शटर तुम्ही ठरवा, अ‍ॅपर्चर तो ठरवतो. निकॉनचा एफई 1978 चा, त्याचं उलट. खासबागेत कुस्ती रंगात आली की कोण चकत्या फिरवत बसणार? तिथं ऑटो लावा, खुशाल लावा. पण कॅमेऱ्यानं काय ठरवलं ते मला दिसलं पाहिजे आणि मोडता आलं पाहिजे. एफईच्या व्ह्यूफाइंडरमध्ये काटा शटरचा वेग दाखवतो, बाहेर कमी-जास्त करायची चकती आहे. म्हैस आली, उणे दोन करा. काम झालं. उलट पूर्ण मॅन्युअल असलेल्या पेंटॅक्स के1000 मध्ये डोळा लावला तर नुसता काटा. शटर किती, अ‍ॅपर्चर किती, काही दिसत नाही. मॅन्युअल म्हणजे सगळं कळतं, असं नाही.

सेल संपला तर? एई-1 गप्प बसतो. एफई 1/90 वर चालतो. के1000 आणि निकॉनचा एफएम2 सगळ्या वेगांवर चालतात, फक्त मीटर जातो.

जुना कॅमेरा घ्यायला जाल तेव्हा आधी व्ह्यूफाइंडरला डोळा लावा, आकडे दिसतात का बघा. मग कमी-जास्तची चकती शोधा. नसली तर फिल्मच्या एएसएची चकती फिरवूनही तेच साधतं, म्हैस समोर असेल तेव्हा 400 ऐवजी 1600 लावा. आणि सेलचा कप्पा उघडल्याशिवाय पैसे देऊ नका. आत हिरवट गंज असला तर सरळ परत द्या.