पाँगचा प्रोग्राम कुणी लिहिला?

उत्तर आधीच देतो, मंडळी: कुणीही नाही. 'पाँगचा प्रोग्राम' हे शब्द कानावर आले की मला राहवत नाही. पाँग म्हणजे नाणं टाकून खेळायचा व्हिडिओ गेम, दोघांनी पडद्यावरच्या बॅटनं चेंडू टोलवायचा. १९७२च्या त्या यंत्रात मायक्रोप्रोसेसरच (प्रोग्राम चालवणारी चिप) नव्हता, मग प्रोग्राम चालणार कशावर? टीव्हीचा किरण पडद्यावर ओळी आखत जातो. तो ठरल्या जागी आला की मोजणी करणाऱ्या चिप सांगतात, इथं पांढरं. तो ठिपका म्हणजे चेंडू. खेळाचे सगळे नियम तारांच्या जोडणीत.

नोलन बुशनेलनं आपल्या अटारी या गेम कंपनीत नव्या आलेल्या अॅलन अल्कॉर्नला हे काम हात बसावा म्हणून दिलं. सांगितलं मात्र, जनरल इलेक्ट्रिकची ऑर्डर आहे! अल्कॉर्ननं दुकानातून हिताचीचा साधा कृष्णधवल टीव्ही आणला, लाकडी खोक्यात बसवला आणि यंत्र कॅलिफोर्नियातल्या सनीवेल गावी, अँडी कॅप्स टॅव्हर्न या बारमध्ये नेऊन ठेवलं. थोड्याच दिवसांत निरोप आला, मशीन बंद पडलंय. ज्यानं स्वतः एकेक टाका सोल्डर केलाय, त्याच्या पोटात केवढा गोळा आला असेल! कुठली चिप गेली? कुठली तार सुटली? त्यानं खालचा गल्ला उघडला, तर नाणी खळाखळा बाहेर. गल्ला गच्च भरला होता, नवं नाणं आत जायला जागाच नव्हती. हसा, हसा, मलाही दर वेळी हसू येतं.

खरी खोट दुसरीच होती. सर्किटातल्या दोषामुळं बॅट पडद्याच्या अगदी वरच्या कडेपर्यंत पोचत नसे. अल्कॉर्ननं ती तशीच ठेवली, म्हणजे चेंडू कधीतरी निसटणार आणि खेळ संपणार. दोन तरबेज गडी एकाच नाण्यावर रात्रभर खेळत बसले, तर बारवाल्यानं काय करायचं? ही खोट मला फार प्रिय आहे.

चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं उरलीत. आणि जाहीर केलेला विषय होता स्पेस इन्व्हेडर्स, वरून चाल करून येणाऱ्या शत्रूंना गोळ्या घालायचा गेम! तर भराभर सांगतो. १९७८, जपान, ताइतो कंपनी, तोमोहिरो निशिकादो. इथं मात्र प्रोसेसर आहे, इंटेलचा ८०८०, २ मेगाहर्ट्झचा. पडद्यावर शत्रू ५५. सगळ्यांना एकदम हलवणं त्याला झेपत नाही, म्हणून एका फ्रेमला, म्हणजे पडद्यावरच्या एका चित्राला, एकच शत्रू सरकतो. सेकंदाला ६० फ्रेम. म्हणजे सगळी फौज एक पाऊल सरकायला जवळजवळ एक सेकंद लागतो. निम्मे मारा, वेळ निम्मा. शेवटचा एकटा उरला की तो प्रत्येक फ्रेमला धावतो. छातीत धडधड वाढवणारा तो वेग आधी योजलेला नव्हता. प्रोसेसरच्या मर्यादेतून आपोआप निघाला. निशिकादोंनी तो ओळखला आणि राहू दिला. अल्कॉर्नची बॅट आणि हा वेग, दोन्ही मी एकाच रांगेत मांडतो.

पुढच्या टेबलावर पाँगमध्ये होत्या त्या जातीच्या, १४ पायांच्या साध्या चिप (त्यांना टीटीएल म्हणतात) ठेवल्यात, बोटाच्या पेराएवढ्या. जाताना हातात घेऊन बघा. पाय मात्र वाकवू नका.