सगळे नियम पाळले, तरी फी गेली

नमस्कार मंडळी. ऑफिसातल्या काही सॉफ्टवेअरमध्ये ठरलेला क्रम नसतो, नुसते नियम असतात, आणि आधी काय करायचं ते वापरणाऱ्याने ठरवायचं. आमचा मामेभाऊ एका सहकारी बँकेत कर्ज विभागात आहे, त्याच्याकडे असलंच. नियम काय, तर वकिलाचा सर्च रिपोर्ट (म्हणजे जमीन कोणाकोणाच्या नावावर आहे याची तपासणी) आणि व्हॅल्युएशन (जागेची किंमत ठरवणं), दोन्ही झाल्याशिवाय मंजुरी नाही. दोन्हीतलं आधी कुठलं? ते कुठेच नाही.

तर एक गृहस्थ आले, गावच्या प्लॉटवर घर बांधायचं होतं. भाऊ म्हणाला व्हॅल्युअर मोकळाच आहे, पाठवून टाकू. तो बिचारा उन्हात गेला, टेप लावून मोजलं, फोटो काढले, गृहस्थांनी फी भरली, आणि मग वकिलांचा फोन, अहो सातबाऱ्यावर दोन बहिणींची नावं आहेत, हक्कसोडपत्र कुठाय? आणि बहिणींशी बोलणं बंद! फाइल आडवी झाली, फी काही परत मिळेना. गृहस्थ म्हणतात, "साहेब, तुमच्या कॉम्प्युटरने तर हिरवी खूण दाखवली होती." दाखवलीच होती की, नियम एकही मोडला नव्हता. शेजारच्या टेबलावरच्या जुन्या मॅडम मान वर न करता म्हणाल्या, "गावची जमीन ना? मग आधी वकील."

बाकी बहिणीला हिस्सा द्यायचा म्हटलं की लोकांच्या पोटात का दुखतं कळत नाही, महाराष्ट्रात १९९४ मध्येच कायदा बदलला, आपण अजून ओवाळणीत साडी घालून मोकळे. असो.

मॅडमचं हे शहाणपण कॉम्प्युटरला देता येतं. नेदरलँड्समध्ये आइंडहोवनच्या तंत्रज्ञान विद्यापीठात 'डिक्लेअर' नावाची अशीच नियमांवर चालणारी सिस्टीम बनवली, आणि २००८ च्या सुमारास तिथल्या संशोधकांनी सल्ल्याची सोय मांडली. जुन्या नोंदी चाळायच्या, हातातल्या फाइलसारख्या फायली काढायच्या, कुठली पायरी आधी घेतल्यावर काम लवकर किंवा स्वस्तात उरकलं ते बघून पर्याय वरखाली लावायचे. परत सांगतो, काय चालतं ते नियमातून कळतं, काय बरं पडेल ते जुन्या नोंदींतून. ठरवायचं मात्र टेबलावरच्या माणसानेच.

पण नोंदी हव्यात ना! भावाकडे अडकलेली फाइल नुसती 'रद्द' म्हणून बंद करतात, वकिलापाशी अडली की व्हॅल्युअरपाशी ते कोणी टाइपच करत नाही, मग सल्ला येणार कुठून.