उंदराच्या लघवीतून आजार, माणसाच्या लघवीतून औषध? ‘अवयव वाचवणाऱ्या’ इंजेक्शनांची गोष्ट

नमस्कार मंडळी. मागे आवाज येतोय तो पावसाचा, आणि अधूनमधून घोडबंदर रोडच्या हॉर्नचा. खिडकी लावली की उकडतं, त्यामुळे आज तेवढं चालवून घ्या.

मागच्या जुलैत रात्री साडेअकराला माझ्या मोबाइलवर एका चिठ्ठीचा फोटो आला. पाठवणारा सुजय, आमच्या नौपाड्यातल्या जुन्या शेजाऱ्यांचा मुलगा. त्याचे बाबा, आमचे काका, वंदना डेपोच्या बाजूने गुडघाभर पाण्यातून चालत घरी आले होते. टाचेला आधीच चीर पडलेली. आठवड्याभराने ताप, पोटऱ्या ठणकायला लागल्या, डोळे लाल, मग लघवी कमी झाली. लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस. आयसीयूत पोचेपर्यंत किडनी बसली होती.

चिठ्ठीवर लिहिलं होतं: युलिनास्टॅटिन, दोन लाख युनिट, दर बारा तासांनी, पाच दिवस. खाली सुजयचा मेसेज: ‘ताई, अवयव वाचवणारं इंजेक्शन आहे म्हणतात. खूप महाग आहे. आणू का?’

मी डॉक्टर नाही. फार्मसी कॉलेजात शिकवते. त्यामुळे ‘आण’ किंवा ‘नको आणू’ असं सांगायचा मला अधिकार नव्हता. पण हे औषध करतं काय, आणि त्यामागे पुरावा किती, हे सांगता येत होतं. तेच आज तुम्हालाही सांगते.

आधी एक विचित्र गोष्ट. लेप्टोचे जंतू येतात उंदराच्या लघवीतून. आणि युलिनास्टॅटिन काढतात माणसाच्या लघवीतून. हसू नका, खरंच. आपल्या लघवीत हे प्रथिन अगदी थोडं असतं, ते गोळा करून शुद्ध करतात. जपानमध्ये ते गेली कित्येक दशकं वापरात आहे, चीनमध्येही आहे. आपल्याकडे ते बनवणाऱ्या भारत सीरम्स या कंपनीचं मुख्य ऑफिस आपल्या ऐरोलीत, कारखाना अंबरनाथला.

आता ते करतं काय? ठाणे स्टेशन डोळ्यांसमोर आणा. सकाळची वेळ, फलाटावर पाय ठेवायला जागा नाही. घोषणा होते, गाडी या फलाटावर नाही, शेजारच्या फलाटावर येतेय. सगळे एकदम पुलाकडे. घोषणा खोटी नसते, धावणारे लोकही वाईट नसतात. पण जिन्यावर चेंगराचेंगरी होते ती होतेच.

जंतू शिरले की शरीरात अशाच रासायनिक घोषणा होतात, त्यांना सायटोकाइन्स म्हणतात. पांढऱ्या पेशी धावत येतात आणि जंतू फोडणारी एन्झाइम्स सोडतात. जखमेपुरतं हे चाललं तर आपण बरे होतो. सगळीकडे एकदम झालं, तर तीच एन्झाइम्स आपल्याच रक्तवाहिन्यांची अस्तरं कुरतडतात. रक्तवाहिन्या गळायला लागतात, बीपी पडतं, बारीक गुठळ्या होतात, किडनीला रक्त पुरत नाही. याला सेप्सिस म्हणतात. २०१६ साली त्याची नवी व्याख्या ठरली तिचा रोखही हाच आहे: संसर्गाला शरीराने दिलेलं बेताल उत्तर, आणि त्यातून बंद पडत जाणारे अवयव.

युलिनास्टॅटिन ही एन्झाइम्स अडवतं. कागदावर छान वाटतं ना? पण या विषयात कागदावर छान वाटलेल्या गोष्टींची स्मशानभूमी आहे.

नव्वदच्या दशकात संशोधक म्हणाले, घोषणाच बंद करू. टीएनएफ नावाचा मुख्य सायटोकाइन अडवणाऱ्या अँटिबॉडीज सेप्सिसमध्ये देऊन पाहिल्या. उपयोग झाला नाही, बहुधा कारण पेशंट आयसीयूत येतो तेव्हा गर्दी आधीच जिन्यावर असते. भोंगा बंद करून काय होणार? गंमत म्हणजे त्याच जातीची औषधं संधिवातात झकास चालली. तिथे घोषणा वर्षानुवर्षं रोज चालू असते, ती बंद केली की खरंच फरक पडतो.

मग २००१ मध्ये अमेरिकेत झायग्रिस नावाचं औषध खास सेप्सिससाठी मंजूर झालं. दहा वर्षं पेशंटना दिलं. दुसऱ्या मोठ्या चाचणीत फायदा दिसेना, म्हणून २०११ मध्ये कंपनीनेच ते बाजारातून काढून घेतलं. व्हिटॅमिन सी आठवतंय? २०१७ मध्ये एका अमेरिकन डॉक्टरांनी ४७ पेशंटवर ते थायमिन आणि स्टेरॉइडसोबत दिलं, मृत्यू ४० टक्क्यांवरून साडेआठ टक्क्यांवर आले म्हणून जगभर गाजलं. २०२२ च्या मोठ्या चाचणीत नुसतं व्हिटॅमिन सी शिरेतून दिलं, तर ते घेतलेल्यांची अवस्था उलट थोडी जास्त वाईट निघाली. साधं क जीवनसत्त्व, लिंबातलं!

आणि जिंकलं कोण? डेक्सामेथासोन. काही रुपयांत मिळणारं जुनं स्टेरॉइड. जून २०२० मध्ये ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीने दाखवलं की व्हेंटिलेटरवरच्या कोविड पेशंटमध्ये शंभरात ४१ मृत्यू व्हायचे ते २९ झाले. नुसत्या ऑक्सिजनवर असलेल्यांत २६ चे २३. पण ज्यांना ऑक्सिजनच लागत नव्हता त्यांना काडीचा फायदा नाही, नुकसानाचीच शंका. तेच औषध, तोच आजार, फक्त वेळ वेगळी. आणि २०२१ मध्ये आपल्याकडे लोकांनी हेच घरी बसून, ताप आल्या आल्या खाल्लं. असो, त्यावर बोलायला लागले तर रात्र जाईल.

सुजयच्या चिठ्ठीकडे येऊ. युलिनास्टॅटिनची भारतातली महत्त्वाची चाचणी २०१४ मध्ये छापून आली. गंभीर सेप्सिसचे १२२ पेशंट. ज्यांना निदान सहा डोस मिळाले तेवढेच मोजले, तर औषधाच्या गटात ७.३ टक्के मृत्यू, नुसत्या सलाईनसारख्या खोट्या औषधाच्या गटात २०.३. जाहिरातीत तुम्हाला हा आकडा दिसेल. पण सहा डोस म्हणजे तीन दिवस. त्याआधीच जे गेले त्यांचं काय? औषधाच्या गटातले दोन आणि दुसऱ्या गटातला एक, असे तीन मृत्यू या हिशेबात नाहीतच. सगळ्यांना धरलं तर १०.२ विरुद्ध २०.६. तरी निम्मे दिसतात, मान्य. पण एवढ्या कमी माणसांत असा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो, आणि संख्याशास्त्राच्या कसोटीवर तो टिकला नाही. शिवाय चाचणीचा खर्च औषध बनवणाऱ्या कंपनीने केला होता. त्यात गैर काही नाही, कंपन्याच करतात, पण वाचताना ते डोक्यात ठेवायचं.

माझं मत? हे औषध थोतांड नाही, पण ‘अवयव वाचवणारं’ हे बिरुद त्याने अजून कमावलेलं नाही.

मी सुजयला सांगितलं, डॉक्टरांना तीन गोष्टी विचार. एक, अँटिबायोटिक आणि डायलिसिस वेळेवर चालू आहे ना? कारण काकांचा जीव खरा त्यावर आहे. दोन, हे इंजेक्शन न दिल्यास तुम्ही उपचारात काय बदलाल? तीन, हा नेहमीचा उपचार की चाचणीचा भाग? चाचणी असेल तर तुला समजेल अशा भाषेत संमतीपत्र मिळायला हवं, आणि तिची नोंद सीटीआरआयवर हवी. ही आपल्या देशातल्या चाचण्यांची सरकारी नोंदवही, २००९ पासून सक्तीची, मोबाइलवर कुणालाही उघडता येते.

डॉक्टर भले होते. म्हणाले, पहिलं सगळं चालू आहे, हे जास्तीचं आहे, पैशांची ओढाताण असेल तर आग्रह नाही. सुजयने तरी आणलं. बाप आत असताना कोण नाही आणणार?

काका अठरा दिवसांनी घरी आले. परवा मी त्यांच्याकडे चहाला गेले होते. सुजय म्हणाला, इंजेक्शनने वाचले. काकू म्हणाल्या, कौपिनेश्वराला अभिषेक बोलले होते. मी डायलिसिसची बाजू लावून धरली. काका खारी बुडवत म्हणाले, ‘मला तर त्यातलं काहीच आठवत नाही. फक्त आयसीयूत एसी फार होता.’